दिवस मावळायच्या आत

न्हाणीघरात पाय घसरून चंदनबालाचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला दोन महिने होत आले होते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, फोटोत हाड जुळलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "आता उभं राहायचं." सून प्रियदर्शनीनं एका बाजूनं धरलं, मुलगा अतिशयनं दुसऱ्या बाजूनं, आणि चंदनबाला उभी राहिली. राहिली म्हणजे काय, दोघांच्या हातांवर लोंबकळली. पातळाखाली स्वतःची मांडी तिनं चाचपून बघितली आणि ती घाबरली. सदुसष्ट वर्षं वापरलेली मांडी, पण हाताला ओळखू येईना. भरलेली उशी कुणीतरी उसवून कापूस काढून न्यावा आणि नुसता अभ्रा ठेवावा, तशी झाली होती.

हाड मोडल्यानं मांडी गेली असं सगळे म्हणत होते. चंदनबालाला मात्र मनातून ठाऊक होतं, की हे आधीपासूनचं आहे. नवरा, भूपाल, गेल्यापासूनचं.

भूपालचा सांगलीत हळदीचा व्यापार. जैनांच्या घरातली रीत, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. पेठेत कितीही गर्दी असली तरी ऊन उतरलं की तो दुकान नोकरावर टाकून घरी यायचा. समोरासमोर दोन ताटं. जेवताना तो फार बोलायचा नाही, पण तिच्या ताटातली आमटी संपलेली त्याला बरोबर दिसायची. तो गेला आणि दुसरं ताट मांडणीवरच राहिलं. अतिशयचा कारखाना, प्रियदर्शनीची बँकेतली नोकरी, दोघंही दिवे लागल्यावर घरी यायची. पोरं चांगली, आईला कशाची वाण नव्हती. पण दिवस मावळायच्या आत जेवायचं तर एकटीनंच जेवावं लागायचं, आणि एकट्या जिवासाठी कुकर कोण लावणार? चहात दोन खारी बुडवायच्या, नाहीतर दुपारचा भात ताकात कालवायचा, की झालं जेवण. अशी सहा वर्षं गेली.

दवाखान्यानं तिला व्यायामाच्या वर्गात घातलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या इमारतीत दर बुधवारी एका मोठ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या असत आणि गुडघे बदललेली, खुबे जोडलेली म्हातारी माणसं त्यांवर बसलेली असत. पहिल्याच दिवशी व्यायाम घेणाऱ्या साईराजनं सांगितलं, "हात छातीवर बांधायचे आणि न टेकता खुर्चीतनं उठायचं."

चंदनबालानं जोर लावला. खुर्ची करकरली, ती जागची हलली नाही. पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, घसा खाकरला, मोठ्यानं "हुं!" केलं आणि उठायला गेले. अर्ध्यावर आले, तिथंच थरथरले आणि धपकन परत बसले.

"आवं बाई, तुमी निदान आवाज तरी न्हाई केला," ते म्हणाले. "माजी तर आवाजासकट फजिती झाली."

चंदनबालाला हसू फुटलं. घरात पडल्यापासूनचं ते पहिलं हसू.

त्यांचं नाव नानासो. सैन्यातनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गाव रहिमतपूरजवळ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा वीरधवल फौजेतच, त्याची बायकापोरं त्याच्या नोकरीच्या गावी. शेतात पडून खुबा मोडला म्हणून मुलगी मायानं त्यांना सांगलीला आणलं होतं.

व्यायाम झाला की रेश्मा नावाची आहारतज्ज्ञ एकेकाशी बोलायची. तिनं चंदनबालाला आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारलं. चंदनबालानं सांगितलं. सांगता सांगताच तिला लाज वाटायला लागली, कारण सांगायला फार काही नव्हतंच.

"आई, हाड डॉक्टरांनी जोडलं," रेश्मा म्हणाली. "पण हाड आपलं आपण चालत नाही, त्याला स्नायू चालवतो. आणि स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. तुमचं वजन पन्नास किलो. या वयाला किलोमागं एक ग्रॅम तरी हवं, तुम्ही दुखण्यातून उठताय तर त्याहून थोडं वरच. तुमच्या पोटात त्याच्या निम्मंसुद्धा जात नाही."

"आता या वयात मला काय करायचंय एवढं? तरण्या पोरांनी खावं."

"उलट आहे. तरण्याचं शरीर थोडक्यात भागवतं. वय झालं की तेवढ्याच स्नायूला जास्त द्यावं लागतं, आणि तिन्ही जेवणांत वाटून द्यावं लागतं. वर हा व्यायाम हवाच. नुसतं खाऊन मांडी भरत नाही, नुसतं उठून-बसूनही भरत नाही."

नानासो मध्येच म्हणाले, "माजं तसलं काय न्हाई. मी मटण खाणारा माणूस."

"रोज?"

"रोज कुठलं? रविवारी. पण लय खातो."

"आणि सोमवार ते शनिवार?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "चपाती. आन् चहा."

"रविवारचं शनिवारपर्यंत पुरत नाही, काका. हे साठवून ठेवायला शरीरात कोठार नाही. आणि तुम्हाला साखर आहे. दर तीन महिन्यांनी किडनीची तपासणी करायची. आज ठीक आहे म्हणून मी खा म्हणतेय. उद्या किडनी बिघडली, तर हेच सगळं कमी करावं लागेल."

चंदनबालाचं ताट बसवणं सोपं नव्हतं. रेश्मा म्हणाली मोड आलेली मटकी, तर मोड आलेलं चालत नाही. अंडं तर नाहीच, जमिनीखालचे कंदही नाहीत. डाळीबरोबर दही म्हणावं, तर कच्च्या दह्यात डाळ मिसळली की ते द्विदल, तेही वर्ज्य. शेवटी असं ठरलं, की सकाळी दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, दुपारी भाकरी आणि घट्ट वरण, मधल्या वेळी दही, संध्याकाळी मुगाची नाहीतर हरभऱ्याची उसळ आणि पनीरचा तुकडा.

नानासो सगळं ऐकत होते. "कंद चालत न्हाई म्हंता, मग शेंगा कशा चालत्यात? त्या बी जमिनीखालनंच येत्यात की."

"शेंग म्हंजे बी हाय. वाळवून ठेवता येती. कंद न्हाई तो."

"आसंल. पण हरभऱ्यावर घोडं धावतंय, बाई. माणूस न्हाई."

"मग घोडं काय मटण खाऊन धावतंय व्हय?"

खोलीतले सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं नानासो.

पुढच्या बुधवारी त्यांनी एक पुरचुंडी आणली. आत वाघ्या घेवडा, तांबूस, अंगावर पट्टे असलेला. "आमच्या रानातला. गड्याला यष्टीनं पाठवायला लावला. खाऊन बगा, मग घोड्याचं बोलू." चंदनबालानं तो रात्रभर भिजवला, मऊ शिजवला, खोबऱ्याचं वाटण घातलं. खूप दिवसांनी तिनं स्वतःसाठी फोडणी केली होती. घरभर वास सुटला. संध्याकाळी त्या आमटीबरोबर तिनं दीड भाकरी खाल्ली आणि मग तिच्या लक्षात आलं, की खाताना आपण बुधवारी काय सांगायचं ते मनात जुळवतोय.

मग बुधवार यायचा तो मंगळवारीच यायला लागला. मंगळवारी दुपारपासून ती पातळ काढून ठेवायची, घडी मोडून परत घालायची. बस्तीतल्या देवापुढं जप करताना मधूनच ते "हुं!" कानात उमटायचं आणि ती मणी विसरायची. या वयात हे काय, असं ती स्वतःला विचारायची. पण तो प्रश्न आता टोचेनासा झाला होता.

दिवस गेले तशी मांडी परतायला लागली. आधी हाताला कळलं, मग जिना चढताना. एका बुधवारी साईराज दुसऱ्या कुणाशी बोलत असताना तिनं हात छातीवर बांधले आणि ती सरळ उठून उभी राहिली. कुणाचं लक्ष नव्हतं. नानासोंचं होतं. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या खाडकन सॅल्यूट ठोकला.

"बसा आता. न्हाईतर मला ताटकळत ठेवाल सॅल्यूटात."

ती बसली. चेहरा लालबुंद झालेला तिला स्वतःलाच कळत होता.

जूनच्या तोंडाला नानासो म्हणाले, "बाई, घेवडा पेरायला जायला पायजे. माया न्हाई म्हंतीया, पण रान वाट बगतंय." त्यांचं चालणं तोवर सुधारलं होतं, काठी नावालाच होती. चंदनबालाला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातनं आलं ते एवढंच, "जेवण सोडू नका. मी फोन करतो."

"तुमच्याकडं बायका पण येतो-करतो म्हंतात न्हाई? आमच्या साताऱ्याकडं हसतील."

"हसू देत."

पण फोन आधी त्यांचाच आला. ऊन कलल्यावर ती ताट घेऊन बसली होती. "बाई, जेवायला बसलाय? मी बी ताट घेतलंय. चाळीस वर्षं नऊला जेवलो, आता तुमच्यापायी दिवस मावळायच्या आत."

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि जेवायचं, असा रिवाजच पडला. त्यांच्या ताटात अंडी, तिच्या ताटात उसळ. पलीकडून भाकरी मोडल्याचा, वाटी सरकवल्याचा, पाणी प्यायल्याचा आवाज यायचा. बोलणं काय, तर पाऊस कुठं झाला, वीरधवलचा फोन आला का, हळदीचा भाव काय. पण शेवटचा घास होईस्तोवर कुणी फोन ठेवायचं नाही.

एकदा प्रियदर्शनी लवकर घरी आली. दारातच थबकली. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "कोण ओ, आई?"

"व्यायामाच्या वर्गातले सुभेदार."

प्रियदर्शनीनं सासूच्या ताटाकडं बघितलं. ताट चाटूनपुसून लख्ख होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला कामवाली बाई भांडी घासायला येईनाशी झाली. सुनेनंच तिची वेळ बदलली होती.

दिवाळीनंतर काहीतरी बदललं. नानासोंच्या ताटातले पदार्थ वाढत चालले आणि आवाज बारीक होत चालला. आज कोंबडी केली, आज मसूर, आज चार अंडी. चंदनबाला ऐकायची आणि तिचा घास हळू व्हायचा. कारण पलीकडून आता वाटीचा आवाज येत नव्हता. तिनं दोनदा विचारलं, "बरं हाय न्हवं?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "एकदम फस्कलास."

माघात तिच्या भाचीची साताऱ्यात वास्तुशांत निघाली. अतिशय म्हणाला, "रविवारी गाडीनं सोडतो." चंदनबाला म्हणाली, "नको, मी आदल्या दिवशी रेल्वेनं जातो." अतिशयनं मान वर केली. पडल्यापासून आई एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नव्हती. पण तिचा चेहरा बघून त्यानं तिकीट काढून आणलं.

सांगलीहून साताऱ्याला जाणारी गाडी रहिमतपूरला थांबते. थांबते म्हणजे टेकते आणि सुटते. तिनं नानासोंना आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "खिडकीशी बसा. मी येतो." पिशवीत तिनं डबा घेतला होता. त्यांच्याच रानातल्या घेवड्याची आमटी आणि दोन भाकरी.

कराड गेलं, मसूर गेलं. ऊस तोडलेली रानं, त्यांत चरणाऱ्या शेळ्या, लांब डोंगर. गाडीचा वेग उतरला तशी ती उठून दारापाशी गेली. लिंबाखालच्या बाकावर एक माणूस बसलेला दिसला. आधी तिची नजर त्याच्यावरून पुढं गेली. मग मिशा ओळखीच्या वाटल्या आणि नजर मागं आली.

सदरा खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली सूज. ते काठीवर दोन्ही हात टेकून उठायला बघत होते आणि उठवत नव्हतं.

गाडी उभी राहिली. फलाट खाली, डब्याची पायरी उंच. चंदनबालानं पिशवी खांद्याला लावली, दांडी धरली आणि खाली उतरली. ज्या पायानं खाटेवरून जमीन गाठवत नव्हती, त्या पायावर सगळा भार देऊन उतरली. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, सातारा पुढं हाय!" तिनं वळूनही बघितलं नाही. गाडी सुटली आणि निघून गेली.

"आवं, हे काय केलं?" नानासो म्हणाले. "गाडी गेली की!"

"दुसरी येईल. न्हाईतर यष्टीनं जाईन. तुम्हाला काय झालंय ते सांगा."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "किडनी. साखर जुनी होतीच. त्यात खुबा दुखायचा म्हणून मनानंच गोळ्या खाल्ल्या, रोज. तपासायचं ऱ्हाऊन गेलं. दिवाळीत पाय सुजले तवा साताऱ्याला गेलो. डाक्टर म्हंटले, आता डाळ मोजून, अंडं मोजून, मटण बंदच. घेवडा तर बगायचा बी न्हाई."

चंदनबालानं विचारलं, "माझ्या नादानं जास्त खाल्लं म्हणून तर न्हाई ना?"

"मी बी तेच विचारलं. न्हाई म्हंटले. साखर आन् गोळ्यांनी झालंय. खाल्लेलं बरंच झालं म्हंटले, न्हाईतर तवाच आडवा झालो असतो."

"मग रोज संध्याकाळी ते सांगत होता ते काय? कोंबडी न् मसूर?"

नानासो रुळांकडं बघत राहिले. "ताटात भात आन् दुधी. ते काय सांगायचं? तुमचा घास थांबला असता."

"तो थांबलाच होता."

एक मालगाडी धडधडत गेली, तिच्या आवाजात बोलावं लागलं नाही हे बरंच झालं. मग तिनं विचारलं, "माया बोलावतीया, तर सांगलीला का येत न्हाई?"

"आलो असतो. पण तुमी मला उठून उभा ऱ्हायलेला बगितलाय. ह्या असल्या अंगानं तुमच्यापुढं यायचं…" त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

चंदनबालाचा हात पिशवीत होता, डब्यावर. बाहेर काढावा की नको, तिला समजेना. नानासोंना वास आलाच असावा. ते हसले. मिशांआडचं ते हसू तेवढं पूर्वीचं होतं.

"घेवडा आणलाय न्हवं?"

"तुम्हाला चालत न्हाई."

"मला न्हाई चालत. तुमाला चालतोय की. दुपार झाली, तुमी जेवा. मी बगतो."

"तुमच्यापुढं मी एकटी कशी जेवू?"

"सात-आठ महिने फोनवर आवाजच ऐकलाय. बगितलं कुठं? जेवा, बाई."

तिनं डबा उघडला. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला. नानासो दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघितल्यासारखं करत तिच्याकडं बघत होते. रान त्यांचं, पेरलं त्यांनी, आणि घास तिच्या तोंडात. "मीठ बरोबर हाय?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. "आन् वाटण कसलं?" तिनं सांगितलं. "खोबरं भाजून घेतलंय?" तिनं तेही सांगितलं. असं विचारत विचारत त्यांनी तिच्याकडून दोन्ही भाकऱ्या संपवून घेतल्या. तिला वाटत होतं, भाकरी आणखी असती तर बरं झालं असतं.

साताऱ्याच्या बसपर्यंत त्यांनी ओळखीची रिक्षा करून दिली. रिक्षात बसताना ती म्हणाली, "उद्यापास्नं खरं सांगायचं. दुधी असला तर दुधी."

"व्हय."

"आणि सांगलीला?"

"बघू," ते म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ तिला तिथंच कळला.

दिवेलागणीला ती साताऱ्यात पोचली. अतिशयनं फोनवर आवाज चढवला, भाचीनं डोळे मोठे केले. "झोप लागली, स्टेशन चुकलं," एवढंच ती म्हणाली. प्रियदर्शनीनं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "आई, तब्येत बरी आहे का?" कुणाची, ते तिनं म्हटलं नाही. "पुष्कळ उतरलीय," चंदनबालानं उत्तर दिलं.

नानासो सांगलीला आले नाहीत. महिन्याकाठच्या तपासणीत किडनीचा आकडा वाढला नाही, हीच त्यांची बातमी असायची, आणि ती बातमी ऐकली की चंदनबाला दुसऱ्या दिवशी बस्तीत थोडा जास्त वेळ बसायची. ताट मात्र तिनं उणं होऊ दिलं नाही. दूध, दाणे, वरण, उसळ, सगळं नेमानं, कारण संध्याकाळी सांगावं लागायचं आणि आता खोटं दोघांनाही चालणार नव्हतं.

"आज काय?" ती विचारायची.

"भात. पडवळाची भाजी. वरण वाटीत, बोटभर."

"बोटभर म्हंजे केवढं?"

"तुमच्या बोटाएवढं."

मग चैत्र लागला. दिवस मोठा झाला, ऊन परसातल्या आंब्याच्या शेंड्यावरून हलेना. डॉक्टरांनी नानासोंना दुपारचं जेवण उशिरा सांगितलं होतं, म्हणून फोनही पुढं गेला होता, अगदी दिवस बुडायच्या टोकाला. चंदनबाला ताट वाढून घ्यायची, त्यावर झाकण घालायची आणि खिडकीशी बसायची. आंब्यावरचं ऊन तांबडं होत जायचं. उसळ निवायची. भूक लागलेली असायची, पूर्वी कधी लागली नाही अशी, पण फोन वाजेस्तोवर झाकणाला ती हात लावायची नाही.